जपानी स्पोर्ट्स कारसाठी दुसरं इंजिन निवडताना: हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी

गाडीत दुसरं इंजिन बसवायचा विषय निघाला की बहुतेकांच्या तोंडी आधी इंजिनाचं नाव येतं. टोयोटाचं टूजेझेड, निसानचं आरबी, होंडाचं के-ट्वेंटी. गाडी कशासाठी वापरायची, गिअरबॉक्स कुठला जुळेल, वायरिंग कोण करणार, हे सगळं नंतर, आणि तोवर ॲडव्हान्स देऊन झालेला असतो. इथे क्रम उलटा ठेवला आहे. प्रश्न ज्या क्रमाने विचारावेत असं मला वाटतं त्याच क्रमाने लिहिलं आहे, आणि त्यात हॉर्सपॉवर शेवटाकडे येते.

हे लिहिताना डोळ्यांसमोर दोन प्रकारचे वाचक आहेत. एक, नाशिकमध्ये एमएच-१५ पासिंगची जुनी होंडा सिटी व्हीटेक, बलेनो, सिव्हिक किंवा मित्सुबिशीची सीडिया जपून ठेवलेले. दुसरे, नाशिक सोडून ऑकलंडला किंवा मेलबर्नला गेलेले आणि तिथे निसानची सिल्व्हिया किंवा माझदाची मियाटा घेऊन बसलेले. भारतात तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी सहसा आयात करता येत नाही. त्यामुळे नव्वदच्या दशकातली सिल्व्हिया किंवा माझदाची आरएक्स-७ गंगापूर रोडवर दिसणं अवघडच. पण इंजिन निवडायचं शास्त्र दोघांनाही तेच लागू आहे.

आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील आणि कंपनीने मुळात दिलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. नियमबाह्य बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

याचा सरळ अर्थ असा. इंजिन खराब झालं म्हणून त्याच प्रकारचं दुसरं बसवायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन, बिल दाखवून, नवा इंजिन नंबर आरसीवर चढवता येतो. १.३ च्या जागी १.६, किंवा साध्याच्या जागी टर्बो, ही गोष्ट रस्त्यावरच्या गाडीसाठी नाही. ती गाडी ट्रेलरवर टाकून ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानात आखलेल्या मार्गावरच्या शर्यतीला) किंवा ट्रॅकवर न्यायची. "कोण बघतंय बोनेट उघडून?" हा युक्तिवाद अपघात होईपर्यंत चालतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर बोनेट उघडतोच. म्हणून पेठ रोडच्या आरटीओत आधी अर्ज, मग इंजिनाचा सौदा.

परदेशातल्यांना वेगळी वाट आहे. न्यूझीलंडमध्ये असा बदल लो व्हॉल्यूम व्हेइकल सर्टिफिकेशनमधून पास करून घेतात, व्हिक्टोरियात व्हीएएसएस इंजिनिअरची (असे बदल तपासून मंजूर करणाऱ्या अधिकृत इंजिनिअरची) सही लागते. त्या इंजिनिअरला इंजिन घेतल्यावर नाही, घेण्याआधी भेटा. काय पास करतो आणि काय नाही हे तो पाच मिनिटांत सांगेल.

जुनं इंजिन खरंच गेलंय का?

"पिकअप राहिला नाही" म्हणून इंजिन बदलायला निघालेल्या बऱ्याच गाड्यांना इंजिन नको असतं, नीट तपासणी हवी असते. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने पाच-सहा फेरे मारत प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती ते महत्त्वाचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एखादा सिलिंडर खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्या, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघा. लीक-डाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारं यंत्र) असेल तर आणखी चांगलं. १० टक्क्यांच्या आत गळती म्हणजे इंजिन तंदुरुस्त, २० च्या वर गेली की उघडावं लागणार.

रोटरी इंजिनाला (ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात) हा साधा गेज चालत नाही. आरएक्स-७ च्या १३बी मध्ये प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात. साधा गेज त्यातली फक्त सर्वांत चांगली बाजू दाखवतो, रोटरच्या टोकाची फुटलेली ॲपेक्स सील लपून राहते. तीन आकडे वेगवेगळे दाखवणारा रोटरीचाच टेस्टर लागतो. तो नसलेल्या माणसाने "कॉम्प्रेशन एकदम ओके" म्हटलं तर त्याला काहीच अर्थ नाही.

तपासणीत इंजिन खरंच गेलेलं निघालं तर त्याच कुटुंबातलं चांगल्या अवस्थेतलं इंजिन, किंवा असलेल्याचंच रिबोर-हेडकाम, हा माझा पहिला सल्ला. कंटाळवाणा आहे, पण पासिंगला अडत नाही आणि गाडी महिनोन्महिने स्टँडवर राहत नाही.

टेप घेऊन बोनेटखाली

आता खरं काम. कागदावर इंजिन "बसतं" आणि बोनेटखाली बसतं यात मोठा फरक आहे, आणि तो बहुतेक वेळा खालच्या बाजूला, इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरपाशी निघतो. ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे आहे, मध्ये आहे की मागे, आणि गाडीचा क्रॉसमेंबर (खालची आडवी पट्टी) नेमका कुठून जातो, हे आधी बघा. टोयोटाच्या जेझेड इंजिनांची चेंबर कुठल्या गाडीतून काढली त्यावर वेगवेगळ्या जागी असते. मियाटात होंडाचं के२४ बसवणाऱ्यांना वेगळी चेंबर घ्यावीच लागते. चेंबर कापून आर्गॉन वेल्डिंगने नवी करता येते, अंबडला ॲल्युमिनियमचं सफाईदार वेल्डिंग करणारे आहेत. पण ऑइलचा पिकअप पाइपही सोबत बदलावा लागतो आणि वळणात ऑइल पिकअपपासून दूर पळू नये म्हणून आत पडदे घालावे लागतात. हे विसरलं तर पहिल्या जोरदार वळणात बेअरिंग जातं.

मग मागे या. फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत) आणि हेडचा मागचा भाग यांत हात जातो का? टोयोटाच्या एई८६ मध्ये तिच्याच ४ए-जीई इंजिनाचं नंतरचं २० व्हॉल्व्हवालं रूप बसवतात. ते इंजिन मुळात आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत, बसायला बनलं होतं. ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, केलं की डिस्ट्रिब्यूटर आणि मागचं पाण्याचं तोंड दोन्ही फायरवॉलला भिडतात आणि दोन्ही हलवावी लागतात. एकाच कुटुंबातलं इंजिन असूनही इतकं काम.

तिसरी जागा म्हणजे उजवी बाजू. स्टिअरिंगचा दांडा आणि ब्रेकचा बूस्टर आपल्याकडे उजवीकडे असतो, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातही. इंटरनेटवर मिळणारे कितीतरी किट अमेरिकेसाठी, म्हणजे डावीकडच्या स्टिअरिंगसाठी बनलेले असतात. त्यातला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आपल्या गाडीत थेट स्टिअरिंगच्या दांड्यावर येऊ शकतो. किट मागवण्याआधी विक्रेत्याकडून उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बसवलेल्याचा फोटो मागा. फोटो नसेल तर मागवू नका.

उंची आणि लांबी मोजताना इंजिन हलतं हेही धरा. माउंटिंगवर जोर आला की ते झुकतं, म्हणून सगळीकडे बोटभर तरी जागा मोकळी हवी. जनरल मोटर्सची एलएस इंजिनं आरएक्स-७ सारख्या छोट्या जपानी गाड्यांत सर्रास दिसतात, त्यामागे जागेचंच कारण आहे. व्ही-८ असूनही कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असल्याने हेड आटोपशीर राहतात. त्यातल्या ॲल्युमिनियम ब्लॉकच्या इंजिनांचं वजनही आवाक्यात असतं.

वजन या एका मुद्द्यावर मी हट्टी आहे. आरबी आणि जेझेड ही लोखंडी ब्लॉकची सहा सिलिंडरची लांब इंजिनं. ती छोट्या गाडीत घातली की बराच भार पुढच्या ॲक्सलच्याही पुढे जातो. सरळ रस्त्यावर मजा, पण सप्तशृंगी गडाच्या वळणांवर नाक आत यायला तयार होत नाही. मियाटाचं सगळं सुख सुमारे हजार किलोच्या हलकेपणात आहे. तिच्यात जड इंजिन घालणं म्हणजे पैठणीला गोणपाटाचं अस्तर लावणं.

कोणत्या दिशेने फिरतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. होंडाची जुनी बी आणि डी मालिकेतली इंजिनं बाकी जगाच्या उलट दिशेने फिरतात. के मालिका आणि एस२००० चं एफ२०सी सरळ दिशेने फिरतात. त्यामुळे बी१६ उचलून मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत उभं बसवावं, गिअरबॉक्स नेहमीचा जोडावा, असं होत नाही. गाडी पाच गिअर मागे आणि एक पुढे जाईल! के२४ मात्र मियाटात चालतं, ते याचमुळे.

मित्सुबिशीतही एक गोम आहे. लान्सर इव्होच्या पहिल्या तीन पिढ्यांत ४जी६३ एका बाजूने बसलं होतं, इव्हो ४ पासून सगळं इंजिन-गिअरबॉक्स १८० अंशांत फिरवलं. म्हणजे "इव्होचं इंजिन" एवढं पुरेसं नाही. कुठल्या इव्होचं, हे कळल्याशिवाय सौदा करू नये.

गिअरबॉक्स

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने घेता आले तर जोडीनेच घ्या. वेगवेगळे घेतले तर बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडला जाणारा पुढचा भाग) बोल्ट, इनपुट शाफ्टच्या दातांची संख्या, पायलट बेअरिंग, फ्लायव्हील, स्टार्टरची जागा, क्लच वायरचा की हायड्रॉलिक, हे सगळं जुळवत बसावं लागतं. होंडाच्या बी गिअरबॉक्समध्ये जुने वायरचे आणि नंतरचे हायड्रॉलिक असे दोन्ही आहेत, फोटोवरून घेताना हे निसटतं.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला मध्ये अडॅप्टर प्लेट करायची वेळ आली तर नाशिककरांना एक फायदा आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) अशी प्लेट कापून देणारे गल्लोगल्ली आहेत. पण त्यांना पुठ्ठ्यावर छापा मारून देऊ नका. क्रँकच्या मध्यापासून प्रत्येक डॉवेलचं (जागा पक्की करणाऱ्या पिनचं) अंतर मोजून ड्रॉइंग द्या. प्लेट लावल्यावर डायल गेज लावून बेलहाउसिंग क्रँकशी एककेंद्री आहे का ते तपासा. एक दशांश मिलिमीटरच्या आसपास फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग आवाज करायला लागतं आणि दोष क्लचप्लेटवर येतो.

मग हिशोब करा. १९५/५० आर१५ टायरचा व्यास ५७६ मिलिमीटर, परीघ १.८१ मीटर. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ९२१ वेळा फिरतं. पाचवा गिअर ०.८१ आणि फायनल (डिफरन्शिअलचं प्रमाण) ४.३ असेल तर इंजिन ३,२०० आरपीएमला. फायनल ३.६ केली तर २,७०० च्या खाली. छोट्या, वर ओरडणाऱ्या इंजिनासाठी केलेल्या फायनलवर मोठं टॉर्कवालं इंजिन लावलं की मुंबई-आग्रा महामार्गावर कान किटतात. पेट्रोलही जातं.

गिअरबॉक्सची ताकदही बघा. मियाटाचा पाच गिअरचा बॉक्स हलक्या इंजिनासाठी आहे, टर्बोच्या टॉर्कखाली तो तुटतो हे जगभरच्या लोकांनी अनुभवलं आहे. इंजिन वाढवायचं आणि गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, ब्रेक तेच ठेवायचे, याला निवड म्हणत नाहीत.

ईसीयू आणि वायरिंग

इंजिन विकणारा "वायरिंग आहे ना" म्हणतो तेव्हा कप्लर कापलेत की अखंड आहेत ते बघा. कापलेली वायरिंग म्हणजे नवी वायरिंग. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, सोबत मिळतो का, आणि त्यात इमोबिलायझर (योग्य किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी सोय) असेल तर किल्ली आणि तिचं युनिट मिळतं का? के मालिकेत कॅमचा टायमिंग सतत बदलणारी यंत्रणा आहे, तिला सांभाळणारा ईसीयू नसेल तर निम्मं इंजिनच घेतल्यासारखं आहे.

स्वतंत्र ईसीयू लावायचा असेल तर न्यूझीलंडचा लिंक, ऑस्ट्रेलियाचा हॅलटेक, किंवा हाताने जुळवायचा मेगास्क्वर्ट असे पर्याय आहेत. कुठला चांगला यावर रात्र रात्र वाद होतात. माझ्या मते आधी ट्यूनर (ईसीयूची सेटिंग करणारा) निवडा आणि त्याच्या हातचा जो ईसीयू असेल तोच घ्या. ट्यूनरला न येणारा भारी ईसीयू नुसता डबा आहे.

नाशिकचं ऊन, उंची आणि पेट्रोल

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. हवा पातळ म्हणून टर्बो नसलेलं इंजिन इथे मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी ताकद देतं. चेन्नईत डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) काढलेला आकडा इथे दिसणार नाही, त्यासाठी मिस्त्रीला दोष देऊ नका. टर्बो इंजिन हा तोटा बराचसा भरून काढतं, पण त्याला थंड ठेवणं वेगळीच डोकेदुखी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास असताना द्वारका चौकात अडकलात, किंवा एसी लावून कसाऱ्याहून घाट चढून इगतपुरीला आलात, की रेडिएटरची खरी परीक्षा होते. इंजिनाच्या मूळ गाडीतला रेडिएटर केवढा होता ते बघा, त्याहून लहान लावू नका. पंख्यामागे नीट आवरण हवं, नाहीतर पंखा नुसती गरम हवा गोल फिरवतो.

आता पंपावर मिळतं ते साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई२०. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७, ई२० ला १३.५ च्या आसपास. म्हणजे त्याच ताकदीसाठी इंजेक्टरला साधारण ९ टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतं. ढोबळ हिशोब असा की चार सिलिंडरच्या, टर्बो नसलेल्या २०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला दर इंजेक्टर ३३० सीसी प्रति मिनिट लागतात, ई२० वर ३६०. ईसीयूच्या जुन्या मॅपवर (इंधनाच्या सेटिंगवर) चालवलं तर मिश्रण पातळ होतं आणि टर्बो इंजिनात पिस्टन जळतो. नव्वदच्या दशकातले रबरी पाइप, ओ-रिंगा इथेनॉलने फुगतात, त्या सरसकट बदला. पावसाळ्यात गाडी उभी राहत असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

इंजेक्टर तपासून घेणं मात्र इथे सोपं. मायकोमुळे (आताची बॉश कंपनी) नाशिकमध्ये पंप-नोझलची जाण असलेली पिढीच आहे. मायको सर्कलच्या परिसरात विचारलंत तर पेट्रोल इंजेक्टर मशीनवर लावून चारही समान फवारा देतात का ते दाखवणारा सापडेल.

मग कुठलं घ्यायचं?

आता नावं. सिल्व्हिया किंवा तिचंच अमेरिकी रूप असलेल्या २४०एसएक्सला निसानचं एसआर२०डीईटी हीच माझी निवड. सिल्व्हियाच्या एस१३ पिढीत ते २०५ पीएस देत होतं, एस१५ मध्ये २५०. ॲल्युमिनियम ब्लॉक, आणि सिल्व्हियात ते मुळातच येत होतं, त्यामुळे माउंटिंग जुळतात. आरबी२५ चा आवाज सुंदर आहे हे मान्य, तरी. पहिल्या पिढीच्या मियाटाला आधी तिचंच १.८ लिटरचं इंजिन, खूपच हाव असेल तर के२४. आरएक्स-७ चं १३बी काढून टाकायला माझा हात धजावत नाही. पण रोटरी बांधणारा जवळ नसेल तर एलएस हा व्यवहारी निर्णय आहे.

आपल्याकडच्या गाड्या. एस्टीमला बलेनोचं १.६ लिटरचं जी१६बी बसवायची प्रथा जुनी आहे, कारण दोन्ही सुझुकीच्या जी कुटुंबातली. ८५ वरून ९४ हॉर्सपॉवर, एवढाच फरक. आरसीवर सीसी बदलते म्हणून रस्त्यावर नको, ऑटोक्रॉसला मजेदार. भारतात २००६ मध्ये आलेल्या सिव्हिकला के कुटुंब शोभतं, जपानमध्ये याच पिढीच्या टाइप-आरमध्ये के२० होतं. के२४ तर भारतात विकल्या गेलेल्या अकॉर्ड आणि सीआर-व्हीतून मिळू शकतं. नंतरच्या काही के२४ मध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, मोकळा मॅनिफोल्ड लावायचा विचार असेल तर ती टाळा. सीडियात इव्होचं ४जी६३ हे स्वप्न बरेच जण बघतात. सांगाडा नात्यातला आहे खरा, पण मागचा डिफरन्शिअल, फ्लोअर, सगळंच बदलावं लागतं. त्या पैशात निम्मी गाडी नवी बनते.

सौदा

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कुठेही घ्या, इंजिन नंबरासह बिल घेतल्याशिवाय उचलू नका. नंबर घासलेला असेल तर स्वस्त असलं तरी मागे फिरा. चोरीचं निघालं तर पोलिस तुमच्या दारी येतील, दुकानदाराच्या नाही. फिलर कॅप उघडून आत दुधाळ चिकटा आहे का बघा. क्रँक पुलीला पुढे-मागे ओढून खेळ जाणवतो का, टर्बोचा दांडा हलतो का, बोअरस्कोप घालून सिलिंडरवर ओरखडे आहेत का. अल्टरनेटर, ब्रॅकेट, फ्लायव्हील, सेन्सर हे "नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून आधीच घ्या. एकेक ब्रॅकेट शोधण्यात महिने जातात.

खर्चाबद्दल माझा नियम साधा आहे. इंजिनाची जी किंमत ठरेल तितकीच रक्कम वेगळी काढून ठेवा आणि ती पुरणार नाही असं धरून चाला. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लचप्लेट, क्रँकचं मागचं सील, सगळे पाइप, हे इंजिन बाहेर असतानाच नवं टाकायचं. आत गेल्यावर त्याच कामाला तिप्पट वेळ लागतो.

बसवताना माउंटिंग लगेच पूर्ण वेल्ड करू नका. आधी टाके मारून इंजिन-गिअरबॉक्स चेनपुलीवरून खाली सोडा, रेडिएटर, स्टिअरिंग, मॅनिफोल्ड, बोनेट सगळं तात्पुरतं लावून बघा. प्रोपेलर शाफ्टचा कोन गिअरबॉक्सशी आणि डिफरन्शिअलशी सारखा आहे का ते मोजा, मगच पक्कं वेल्डिंग. पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून स्टार्टर मारा, ऑइलचं प्रेशर येऊ द्या, त्यानंतर प्लग लावा. सुरुवातीच्या दिवसांत घराजवळच्याच रस्त्यांवर चालवा, दर वेळी खाली वाकून गळती बघा, आणि पहिल्या ५०० किलोमीटरनंतर माउंटिंगचे आणि गिअरबॉक्सचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या.